वडनेरहून येणारं गिऱ्हाईक

दिवाळी अंकाच्या संपादकांचं 'तुमच्या व्यवसायातले अनुभव लिहून पाठवा' असं पत्र आलं, तेव्हा आमच्या घरात आधी हसू पसरलं. मुलीच्या लग्नाच्या बैठकीत व्याह्यांनी मी काय करतो असं विचारलं होतं, तेव्हा माझ्या साळ्यानं घाईघाईनं 'हॉटेल लाइनमध्ये आहेत' असं उत्तर दिलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. वर्ध्यात शेषरावच्या पाटोडी-रश्श्याच्या हॉटेलाबाहेर जी रांग लागायची, ती सांभाळणं हे माझं काम. बारा वर्षं केलं. आत खुर्चीवर बसून जेवलो असेन चार-पाच वेळा, तेही हॉटेल बंद असताना.

त्याआधी मी एका जिनिंगच्या फाटकावर होतो. कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आल्या की त्या रांगेत लावायच्या आणि मधे घुसणाऱ्याला मागे न्यायचं. नव्वदनंतर जिनिंग बंद पडलं. शेषराव माझा शाळेतला सोबती. तो म्हणाला, "माह्या दरवाज्यावर रोज भांडणं होऊन राह्यले. तू बंड्या लावत होता, आता मानसं लाव." मला वाटलं, हे सोपं जाईल. पण बैल उभा केला की उभा राहतो. आपण अमक्या साहेबांचे बैल आहोत, असं तो सांगत नाही.

बाहेरगावच्या वाचकांसाठी आधी पदार्थ सांगतो. बेसन मसाला घालून घट्ट शिजवायचं, ताटात थापून वड्या पाडायच्या, ही पाटोडी. रस्सा वेगळा करायचा. भाजलेलं खोबरं, कांदा, खसखस, घरचा काळा मसाला आणि वर बोटभर लाल, तिखट तेलाची तर्री. पाटोडी रश्श्यात पडायची ती गिऱ्हाईक समोर बसल्यावर. आधी घातली तर ती रस्सा पिऊन टाकते आणि वाटीत नुसतं पिठलं उरतं. म्हणजे माणूस बसल्याशिवाय वाढता येत नाही, वाढल्यावर त्याला घाई करता येत नाही, आणि बाहेर चाळीस जण उभे. रांगेचं खरं कारण हे. लोकांना वाटायचं, चवीमुळे. चव होतीच, पण ती शेषरावची नव्हती, त्याच्या बायकोची होती. तिला मी सिंधुवैनी म्हणायचो. शेषराव गल्ल्यावर बसून 'आमच्या मसाल्याचं गुपित आजवर घराबाहेर गेलं नाई' असं प्रत्येकाला ऐकवायचा. ते खरं असावं, कारण त्यालाही ते ठाऊक नव्हतं.

सात टेबलं, अठ्ठावीस खुर्च्या. रविवारी रांग दारापासून कडुलिंबापर्यंत आणि तिथून सायकलच्या दुकानापर्यंत जायची. जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहून त्याच्या वाटीत डोकावायची आपल्याकडे पद्धत आहे. ती मी बंद केली. मी दारातूनच सांगायचो, तीन नंबरचं टेबल पाच मिनिटांत उठेल. एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर सात मिनिटांत जेवतात. मेडिकलची मुलं दहा मिनिटांत जेवतात आणि पुढे अर्धा तास परीक्षेबद्दल बोलतात. वकील जेवताना कांदा दोनदा मागतात. जावयाला घेऊन आलेलं कुटुंब असलं, तर मी ते टेबल तासाभरासाठी विसरून जायचो. आमचा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे रांगेतले सगळे शुद्धीत आहेत असं मी कागदोपत्री धरून चालायचो.

घरी नेणाऱ्यांची रांग मात्र निराळी होती. ती माणसांची नव्हती, भांड्यांची होती. दारालगत एक लांब फळी टाकलेली. येणाऱ्यानं आपला डबा शेवटच्या डब्यामागे ठेवायचा आणि लिंबाखाली जाऊन बसायचं. वैनी मागच्या खिडकीतून एकेक डबा घेऊन रस्सा भरायच्या, पाटोड्या कागदात वेगळ्या बांधायच्या, आणि मी नाव पुकारायचो. नाव डब्यावरच असायचं. स्टीलचं भांडं घेतलं की आपण दुकानातच मशीननं त्यावर नाव कोरून घेतो. त्याचा असा उपयोग करणारा पहिला माणूस मीच असेन, असं मला वाटायचं.

या शोधाचा मला गर्व होता, म्हणून त्यातली चूक कळायला वेळ लागला. डब्यावर नाव असतं देणाऱ्याचं, नाहीतर ज्याला दिलं त्याचं, आणि घेऊन येतो भलताच. एकदा मी 'बबनराव' असं पुकारलं, तर जेवणाच्या रांगेतले खरे बबनराव धावत आले आणि दोन वर्षांपूर्वी मुंजीत हरवलेला आपला डबा शेजाऱ्याच्या हातात बघून त्यांनी तिथंच त्याचं सगळं घराणं काढलं. एका म्हाताऱ्या मास्तरांच्या डब्यावर 'सौ. लीला' होतं. मी महिनोन्महिने 'लीलाबाई' अशी हाक द्यायचो आणि मास्तर काठी टेकत यायचे. लीलाबाई केव्हाच वारल्याचं कोणीतरी मला सांगितलं. पुढच्या खेपेला मी ओशाळून 'मास्तर' म्हणून हाक दिली. ते जागचे उठले नाहीत. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले, "पह्यल्यासारखंच बोलावत जा बाप्पा." त्यानंतर मी डब्यावर असेल तेच वाचायचं ठरवलं.

एका रविवारी फळीवर दोन डबे दिसले. मधे चार डबे सोडून, पण अक्षरं तीच आणि वळणही तेच. 'चि. सौ. कां. वनिता हीस मामाकडून सप्रेम.' एक लहान, एक मधला. माझ्या डोळ्यांसमोर बबनराव उभे राहिले. मधल्या डब्याचा नंबर आला तेव्हा मी जरा हळूच 'वनिता' म्हणालो. लिंबाखालून दोघं उठले. एक वनिता स्वतः. तिला मी ओळखत होतो. वर्ध्यालगत बोरगाव मेघेला वडलांकडे राहायची, शिवणकाम करायची आणि दर रविवारी वडलांसाठी रस्सा न्यायची. दुसरा एक किडकिडीत माणूस, पांढरा शर्ट आणि चपलेला शेतातली काळी माती. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. वनितानं फळीवरचा मधला डबा उचलला.

"हा डबा माहा हाय," ती म्हणाली.

"हो, तुहाच हाय," तो म्हणाला, आणि मला म्हणाला की त्याचा रस्सा प्लास्टिकच्या थैलीत द्या.

मी भांडण सोडवायला मधे जाऊन उभा होतो. ते झालंच नाही, त्यामुळे मी तिथं विनाकारण उभा दिसलो. त्याला गाव विचारलं, तर वडनेर.

दुपारपर्यंत बाकीचं कळलं. रांगेत दोन तास उभ्या राहणाऱ्या लोकांना दुसरं कामच काय असतं? त्याचं नाव रमेश. तो वनिताचा नवरा. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि ती वर्षभरापूर्वी माहेरी निघून आली होती. रमेश मारहाण करणारा नव्हता की पिणारा नव्हता. घरात त्याची आई बोलायची आणि तो ऐकायचा. आई सुनेला जे बोलायची, तेही तो ऐकायचा. वनिता निघाली तेव्हा वाटेवरच्या भाकरीचा लहान डबा तेवढा तिच्या हातात होता. लग्नात मामानं आणि वडलांनी दिलेली बाकीची पंधरा भांडी वडनेरला राहिली. तिला परत जायचं नव्हतं, तिला तिची भांडी पाहिजे होती. वडील मागायला गेले, तर सासूनं दार उघडलं नाही. भांडी परत केली की सून कायमची गेली असं गावात ठरतं, हे त्या बाईचं म्हणणं.

पुढच्या रविवारी रमेश पुन्हा आला. या वेळी हातात गंज होता, आमच्याकडे भाजी शिजवायचं भांडं असतं तो. त्यावरही वनिताचं नाव. वनितानं तो घेतला, त्यानं थैलीतून रस्सा नेला. त्याच्या पुढच्या रविवारी तो परात घेऊन आला. रस्सा न्यायला परात आणलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मी त्याला चार शब्द समजावून सांगितले, की हे पसरट आहे, एसटीत सांडेल. तो "चालते" म्हणाला. मला त्याची कीव आली. घरातलं एकेक भांडं गमावतोय, पण बिचाऱ्याला आमच्या रश्श्याचा मोह आवरत नाही.

याचा मी पुरेपूर फायदा घेतला. रांगेत कोणी कुरकुरला की मी रमेशकडे बोट दाखवायचो. हा माणूस वडनेरहून, हिंगणघाटला गाडी बदलून, इथं येऊन उभा आहे आणि तुम्हाला इथल्याच रामनगरातून यायचं जड जातंय? लोक वळून त्याच्याकडे बघायचे, तो खाली बघायचा. शेषरावनं तर गल्ल्यामागे 'वडनेरहून गिऱ्हाईक येते' अशी पाटी लावायचं मनावर घेतलं होतं.

आणि माझ्या डोक्यात दुसरंच शिजायला लागलं. दोघं तरणे, दोघं भले, दर रविवारी एका लिंबाखाली बसतात. एक शेवटचा धक्का कोणी द्यायचा, एवढंच बाकी आहे, आणि तो कोणी द्यायचा हे उघड होतं. पंचाईत एकच होती. रमेशची गाडी लवकर यायची आणि वनिता मागाहून, त्यामुळे दोघांच्या डब्यांत आठ-दहा डब्यांचं अंतर पडायचं. बारा वर्षांत मी कलेक्टर कचेरीतल्या माणसाला, नगरसेवकाला, खुद्द शेषरावच्या साळ्याला मागे उभं केलं. पण त्या रविवारी मी फळी पुसायचं निमित्त केलं आणि वनिताचा डबा उचलून रमेशच्या भांड्याला लावून ठेवला. 'वनिता' ही हाक लागोपाठ दोनदा गेली, दोघं एकदम उठले. मला धन्य वाटलं. असे पाच रविवार गेले. ती भांडं घ्यायची, पदर खोचून त्याच्या बुडावरचं नाव वाचायची आणि मागच्या खिडकीकडे वैनींशी बोलायला जायची. तो थैली घेऊन स्टँडकडे चालू लागायचा. दोघांत एकूण दहा शब्दही झाले नसतील. मी म्हणायचो, होईल हळूहळू.

सहाव्या रविवारी एक निवृत्त अव्वल कारकून रांगेत होते. सगळी हयात फायलींवर नजर ठेवण्यात गेलेली. आपला सातवा डबा आठवा कसा होतो, हे त्यांनी लिंबाखालून पाहिलं आणि उठून आले. माझ्या हातात अजून वनिताचा डबा होता. मी 'चुकून झालं' म्हणालो. ते म्हणाले, गेल्या रविवारीही चुकून झालं होतं, त्याच्या आधीही. सगळी रांग गोळा झाली. ज्यांना मी कधी ना कधी मागे पाठवलं होतं, ते सगळे त्या दिवशी नेमके हजर होते. शेषराव गल्ला सोडून बाहेर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तुह्या हातानं लाइन तुटत असंन, तर मले तुही काय गरज हाय?"

मी मान खाली घातली. काय सांगणार होतो? नवरा-बायकोला जवळ आणत होतो म्हणून? तेवढ्यात वनितानं माझ्या हातातला डबा घेतला आणि शांतपणे फळीच्या टोकाला, सगळ्यात शेवटी नेऊन ठेवला.

"माह्यासाठी लाइन तोडू नका काकाजी," ती म्हणाली. "मी मांगंच बरी. तो थांबते."

आणि तो थांबला. त्याचा रस्सा मिळाला, हिंगणघाटची गाडी गेली, तरी परकं भांडं सांभाळल्यासारखा एक कोपर, म्हणजे काठाचं मोठं ताट, मांडीवर घेऊन तो लिंबाखाली बसून राहिला. पाऊण तासानं तिचा नंबर आला. मग त्यानं कोपर तिच्या हातात दिला आणि गेला. मी पाच रविवार ज्याच्यासाठी माझं नाव घालवलं, ते माझ्याशिवाय आपोआप होत होतं.

संध्याकाळी मागच्या ओट्यावर मी वैनींकडे मन मोकळं करायला गेलो. रश्श्यापायी भांडी घालवणारा माणूस मी पाहिला नाही, असं काहीसं म्हणालो. वैनींनी कांदा कापायचं थांबवलं.

"भाऊ, तुम्ही खरंच भोळे हा," त्या म्हणाल्या. "दोन गाड्या करून कोनी रस्सा न्यायले येते का? घरी पोचेपर्यंत त्याचं पानी होते. तो भांडे पोचवून राह्यला. मायपुढं तोंड उघडत नाई त्याचं, पन भांडं उचलाची हिंमत हाय. रस्सा आनतो म्हनून घरून निघते."

हे त्यांना वनितानं सांगितलं होतं, मागच्या खिडकीत. मी त्या खिडकीकडे कधी लक्षच दिलं नव्हतं, मला पुढचं दार होतं. पाटी लावायचं काम शेषरावला मीच थांबवायला सांगितलं. कारण विचारलं, तर रंग उडतो म्हणालो.

त्यानंतर मी फळीला हात लावला नाही. बादली आली, पाण्याचे दोन गडवे आले, तेलाची बरणी आली. शेवटी एका रविवारी रमेश स्टँडकडून गुंड डोक्यावर घेऊन येताना दिसला. गुंड म्हणजे दोन घागरी पाणी राहील एवढं भांडं. फळीवर मावेना, म्हणून मी तो खाली ठेवला. सगळी रांग हसली. एकानं विचारलं की गावजेवण आहे का. रमेशही हसला, मी त्याला हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वनितानं पर्समधून घडी पडलेला कागद काढला, लग्नात केलेली भांड्यांची यादी.

"एक मोठा डबा राह्यला," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "राह्यला."

तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि कागद घडी करून ठेवून दिला. "असू दे," म्हणाली. ऑटोत गुंड आधी बसला, ती मागून.

पुढच्या रविवारी दोघंही आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मी रांगेवरून नजर फिरवायचो आणि मला राग यायचा. कशाचा, ते सांगता येणार नाही. निदान सांगून तरी जायचं होतं.

माझं कामही मग फार दिवस टिकलं नाही. प्लास्टिकचे झाकणाचे डबे आले, घरून भांडं आणायची गरज संपली. मोबाइल आले, लोक घरूनच नंबर लावू लागले. शेषरावनं शेजारची जागा घेऊन गार हवेचा हॉल काढला, साठ खुर्च्यांचा. फळी गेली, लिंब गेला. रांग नाहीशी झाली आणि तिच्यामागोमाग गिऱ्हाईकही पातळ झालं, कारण रिकाम्या खुर्च्या दिसल्या की माणसाला रश्श्याबद्दल शंका येते. मला म्हणाला, दारात उभा राहून नमस्कार करत जा. मी आठ दिवस नमस्कार केला आणि घरी बसलो.

आता आम्ही बोरगाव मेघेला मुलीजवळ राहतो. आल्याच्या पहिल्याच रविवारी मुलगी म्हणाली, इथं एक खानावळ आहे, रस्सा चांगला असतो, पण लाइन असते. मी म्हटलं, लाइनचं मला सांगू नको. डबा घेऊन गेलो. पत्र्याची शेड, बाहेर एक लांब फळी, तिच्यावर ओळीनं डबे. वास आला आणि मी जागीच थांबलो. तो सिंधुवैनींचा मसाला होता. आत चुलीवर गंज, बाजूला परात, कोपऱ्यात पाण्याचा गुंड, सगळ्यांवर एकच नाव कोरलेलं. पळी हातात घेऊन वनिता उभी होती, केस पांढरे व्हायला लागलेले. शेषरावच्या पुढच्या दारात मी बारा वर्षं कोणाला मधे घुसू दिलं नाही, आणि त्याच्या घराबाहेर कधी न गेलेलं गुपित दर रविवारी मागच्या खिडकीतून जात होतं. पुढून भांडी येत होती, मागून मसाला जात होता. मी मधे उभा राहून शिस्त सांभाळत होतो.

तिनं मला ओळखलं, हसली, "बसा काकाजी" म्हणाली. पण माझा डबा जिथं होता तिथंच, नववा राहू दिला. मला बरं वाटलं. मी बाकावर जाऊन बसलो, तर शेजारी रमेश.

इतक्या वर्षांनी भेटलो, बोलणं झालं. आई दोन वर्षांपूर्वी वारली, शेती तोच बघतो. खानावळ सुरू झाली तेव्हापासून दर रविवारी येतो. मी म्हणालो, रस्सा आवडतो म्हणायचा. तो ओशाळला.

"मले तिखट सोसत नाई काकाजी. त्या वक्ती स्टँडवर कंडक्टरले देऊन टाको."

म्हणजे ज्याचं उदाहरण देऊन मी अर्ध्या वर्ध्याला गप्प बसवलं, त्यानं आमचा रस्सा चाखलाही नव्हता.

इतक्यात वनितानं फळीवरचा पाचवा डबा उचलला आणि त्यावरचं नाव वाचलं. "वनिता," तिनं हाक दिली, जशी मी द्यायचो तशी. रमेश "हो" म्हणून उठला. मोठा कडीचा डबा होता, 'मामाकडून सप्रेम', यादीतला शेवटचा. तिनं तो भरताना मोठा गंज बाजूला सारला आणि मागच्या लहान पातेल्यातून रस्सा घातला. त्या रश्श्यावर तर्री नव्हती. कडी नीट लावली, डबा फडक्यानं पुसला आणि त्याच्या हातात दिला. तो स्टँडकडे गेला.

माझा नंबर आला तेव्हा मला राहवलं नाही. तो डबा तुझाच ना, असं मी तिला विचारलं. मग मागत का नाहीस?

तिनं माझ्या डब्यात पळी उलटी केली, बारीक हसली.

"मागतला, तर पुढच्या आयतवारी कायच्यात नेईन तो?"